बिनहळदीचं वरण आणि हळदीची कॅप्सूल

काकूंना खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांचं तोंड खिडकीकडे होतं, त्यामुळे त्या काही बोलायच्या आधीच डोळ्यांतला पिवळेपणा मला दिसला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झालेली. काका आयुष्यभर एका अडत दुकानात दिवाणजी होते, ते सवयीनं यंदाच्या राजापुरीच्या भावाबद्दल बोलतच आत आले. काकूंचं वय ५९, वजन ६२ किलो. दहा दिवस अन्नावरची वासना गेलेली, सकाळी मळमळ, लघवी "कोऱ्या चहासारखी", आणि तीन दिवसांपासून अंगभर खाज.

गळ्यात काविळीची माळ होती. कुणाकडे तरी जाऊन आले होते. माळेनं नुकसान होत नाही, म्हणून तो विषय मी काढला नाही. औषधं विचारली. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, आठ वर्षं. कोलेस्टेरॉलसाठी अटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, तीन वर्षं. "आणखी काही?" "काही नाही हो." वैद्याचा काढा, जाहिरातीतलं चूर्ण, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली गोळी? "नाही म्हटलं ना डॉक्टर, गोळ्यांचा मला मुळातच कंटाळा."

हे उत्तर मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहिलं. पुढचे दोन दिवस मी चुकीच्या वाटेनं गेलो, ते या एका ओळीमुळे.

(हे सगळं काकूंना विचारून लिहितोय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

दुपारी रिपोर्ट आले. बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, ५.८. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढतं ते, १,१४०; ते चाळिशीच्या आत असायला हवं. त्याचंच भावंड एसजीओटी ८७०. पित्ताची नळी तुंबली की चढतं ते अल्कलाइन फॉस्फेटेज १४८, म्हणजे किंचितच वर. आकड्यांची ही ठेवण एकच सांगते: पित्ताची नळी तुंबलेली नाही, मार थेट यकृताच्या पेशींना बसलाय. सोनोग्राफीतही खडा नव्हता आणि नळ्या फुगलेल्या नव्हत्या. आपल्याकडे अशा वेळी डोक्यात पहिल्यांदा पाणी येतं. हेपॅटायटिस ए आणि ई, दोन्ही दूषित पाण्यातून येतात. दोन्हींच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. बी आणि सी निगेटिव्ह. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं त्या आजाराच्या चाचण्यांतही धरण्यासारखं काही निघालं नाही. रक्त गोठण्याचा आयएनआर १.३ होता, तो जरा काळजीचा.

पेशींना मार आणि सोबत कावीळ, ही जोडी औषधामुळे झालेली असेल तर साधारण दहातल्या एका रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं, हा यकृतवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणून त्यांना दाखल करून घेतलं. संशय स्टॅटिनवर ठेवला, कारण यादीत दुसरं संशय घेण्यासारखं काही नव्हतंच. मिरजेच्या पोटविकारतज्ज्ञ मित्राला फोन केला. तो म्हणाला, "तीन वर्षं गुण्यागोविंदानं राहिलेलं स्टॅटिन अचानक कशाला उठेल? पुन्हा विचार. पिशवी उलटी कर." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागलो.

पिशवी माझ्याऐवजी सुनेनं उलटी केली, तीही नकळत. तिसऱ्या दिवशी दुपारच्या राउंडला ती डबा घेऊन आली होती. मऊ भात आणि त्यावर पांढरंफटक वरण. मी सहज विचारलं, हे असं का? ती म्हणाली, "कावीळ आहे ना, म्हणून घरात दहा दिवस हळद पूर्ण बंद केलीय. भाजीत नाही, आमटीत नाही. सासरे तर हळद नाही म्हणून जेवताना कुरकुरतात." काविळीत पिवळं खायचं नाही ही आपल्याकडची जुनी समजूत. तिला आधार नाही, पण ती कुणाचं वाकडंही करत नाही. मी मान डोलावली. तेवढ्यात काकूंनी दोन घास खाल्ले, उशीखालची स्टीलची डबी काढली आणि तिच्यातली केशरी कॅप्सूल पाण्याबरोबर घेतली.

"हे काय?"

"हे होय? काही नाही, हळदीचीच आहे. ही नाही बंद केली. लिव्हरला चांगली असते ना!"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी डबीकडे. वरणातली चिमूट बंद आणि हिचे दिवसाला दोन डोस चालू. तेही दवाखान्यात, माझ्या नाकासमोर.

संध्याकाळी काका घरून बाटली घेऊन आले. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला होता, आईचे गुडघे बघून त्यानं ऑनलाइन मागवून दिली होती. पुढच्या बाटल्या आपोआप येत राहिल्या. बाटलीत साठ कॅप्सूल, रोज दोन. ही चौथी बाटली आणि तिच्यात २२ उरलेल्या. हिशोब केला तर १०९ दिवस. लेबलवर "वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट" ठळक, खाली सांधे, त्वचा, प्रतिकारशक्ती आणि यकृत अशी चार छोटी चित्रं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात: प्रत्येक कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स (हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन आणि त्याची भावंडं), आणि काळ्या मिरीतलं पायपरिन. किंमत एका बाटलीची, सांगलीकराला लाज वाटावी अशी. ज्या गावाच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्या शेजारी हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची रीत होती, तिथल्या दिवाणजीच्या घरी हळद कुरियरनं येत होती. काका त्यावर हसले, पण फार नाही.

तिथेच काकूंना विचारलं, घरात महिन्याला हळद किती लागते? "पाव किलो. चार माणसं." म्हणजे माणशी दिवसाला साधारण दोन ग्रॅम. हळदीत कर्क्युमिन सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास असतं, वाणाप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे जेवणातून रोज ६० मिलिग्रॅम. कॅप्सूलमधून ४७५ गुणिले दोन, ९५० मिलिग्रॅम. एवढं कर्क्युमिन हळदीतून मिळवायचं तर दिवसाला तीस-बत्तीस ग्रॅम, म्हणजे दहाएक चहाचे चमचे हळद खावी लागेल. कुणी खात नाही, खाऊ शकणार नाही. जीभच थांबवते. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची जी आंतरराष्ट्रीय दैनंदिन मर्यादा ठरलीय ती किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे काकूंच्या वजनाला १८६. कॅप्सूल त्याच्या पाचपट. मर्यादा ओलांडली की लगेच विष होतं असं नाही, अशा मर्यादा बऱ्याच सैल हातानं आखलेल्या असतात. पण "हळदीचीच आहे" या वाक्यातला "च" इथे गळून पडतो.

त्यात मिरी. कर्क्युमिनची मूळ अडचण अशी की ते पोटात गेलं तरी रक्तात फारसं पोचत नाही. आतडं आणि यकृत त्याला लगेच साखरेसारखे रेणू चिकटवून बाहेरची वाट दाखवतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जवळजवळ सापडेना. सोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. तो आकडा आज जगभरच्या बाटल्यांवर मिरवतो. पण हे घडतं कसं ते बाटली सांगत नाही. पायपरिन यकृताची तीच बाहेर टाकण्याची यंत्रणा मंदावतं. ही यंत्रणा एकट्या कर्क्युमिनसाठी राखीव नसते. बऱ्याच औषधांची वासलात लावणारं सीवायपी३ए४ हे विकरही (एन्झाइम) पायपरिननं दबतं, आणि काकूंचं अटोर्व्हास्टॅटिन नि अम्लोडिपिन दोन्ही त्याच दारानं जातात. मग यकृताला मार कर्क्युमिनचा, की मिरीमुळे अंगात साचलेल्या स्टॅटिनचा? हा प्रश्न मला काही आठवडे छळत होता. उत्तराकडे पुढे येतो.

आधी गुडघ्यांचं. कारण काकूंना फायदा झाला होता, हे मला टाळता येत नाही. "गणपतीच्या देवळात मी कठड्याला धरल्याशिवाय चढले, डॉक्टर. तीन आठवड्यांत." त्यांच्यावर अविश्वास दाखवायला मला जागा नाही, कारण कर्क्युमिनच्या बाबतीत गुडघ्याचा पुरावाच सगळ्यांत बरा आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये छापून आलेल्या चाचणीत रोज १,५०० मिलिग्रॅम हळदीच्या अर्कानं चार आठवड्यांत जवळपास तेवढाच आराम दिला जेवढा १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेननं, आणि पोटाच्या तक्रारी कमी. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ७० जणांवर बारा आठवडे पाहिलं. बनावट गोळीच्या तुलनेत दुखणं थोडं जास्त कमी झालं, सांध्यातली सूज मात्र स्कॅनवर होती तिथेच राहिली. पोटाबाबतही एक चांगली चाचणी आहे. २०२३ मध्ये, पुन्हा थायलंडमधून, २०६ रुग्णांवर: अपचनाच्या त्रासात कर्क्युमिन ओमेप्राझोलच्या तोडीचं ठरलं. चाचण्या लहान, काळ थोडा, पण थोतांड म्हणून उडवून लावण्यासारखं नाही.

बाकीच्या दाव्यांबद्दल मात्र हात आखडता घ्यावा लागतो. कॅन्सर, स्मृतिभ्रंश, मधुमेह, त्वचेची चमक: परीक्षानळीत कर्क्युमिन सगळ्यांवर चालतं, आणि तिथेच शंका घ्यायला हवी. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं या रेणूची झाडाझडती घेतली. हा पदार्थ स्वतःच चमकतो, धातूंना धरतो, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या चाचण्या फसून "परिणाम दिसला" म्हणतात, असं त्यांनी दाखवलं. शंभरावर मानवी चाचण्या होऊनही बनावट गोळीशी नीट तुलना केलेली एकही स्पष्ट यशस्वी झाली नाही, असा त्यांचा शेरा होता. गुडघ्यापुरता तो मला जरा जास्तच कडक वाटतो.

"अँटिऑक्सिडंट" हा शब्दही असाच नळीतून बाजारात आलेला. नळीत कर्क्युमिन मुक्त कणांना निष्प्रभ करतं हे खरं. पण रक्तात ते पोचतं इतकं कमी की तिथे त्यानं थेट तेच काम केलं असेल याची शक्यता क्षीण. अमेरिकेच्या कृषी खात्यानं कुठल्या फळात किती अँटिऑक्सिडंट याचा मोठा तक्ता केला होता. लोक त्याचा वापर फक्त विक्रीसाठी करतात, आरोग्याशी त्या आकड्यांचा संबंध लागत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी तो संकेतस्थळावरून काढून टाकला. त्याहून बोचरी गोष्ट फिनलंडची. गाजरातलं बीटा-कॅरोटीन, तेही वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंटच, २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत दिलं गेलं. १९९४ मध्ये निकाल आला: ज्यांना ते मिळालं त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. गाजरानं कुणाला कॅन्सर झाला नव्हता. गाजरातला एक रेणू वेगळा काढून, मोठ्या मात्रेत, वर्षानुवर्षं दिल्यावर हे घडलं होतं.

हळद आणि यकृत यांचं नातं मीही काकूंसारखंच शिकलो होतो: यकृताचा मित्र. म्हणून त्या रात्री वाचायला बसलो तेव्हा चांगलाच वरमलो. इटलीत २०१९ मध्येच हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण लागोपाठ सापडले आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाला लक्ष घालावं लागलं. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतइजांच्या नोंदजाळ्यानं २०२२ मध्ये हळदीमुळे झालेल्या दहा रुग्णांचा तपशील छापला. पाच जण दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू. ज्या सात जणांच्या गोळ्या तपासल्या, त्यांपैकी तिघांच्या गोळ्यांत मिरीचा अंश सापडला. आणि दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार होता, जो लोकसंख्येत बऱ्याच कमी जणांत असतो. ऑस्ट्रेलियाच्या औषधनियंत्रकानं २०२३ मध्ये अठरा तक्रारींच्या आधारे इशारा काढला. त्यातही एक मृत्यू. लाखो लोक या गोळ्या खातात, त्यात ही संख्या नगण्य. ज्याच्या जनुकात ती खुंटी आहे त्याच्यासाठी मात्र नगण्य नाही, आणि ती खुंटी कुणात आहे हे आधी कुणालाच दिसत नाही. आपल्याकडे २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण छापले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. मीही तेव्हा मनात म्हणालो होतो, गुळवेल? काहीतरीच.

कॅप्सूल बंद केल्याला आठ दिवस झाले तेव्हा एसजीपीटी ५४० वर आलं होतं, बिलिरुबिन मात्र ६.४ वर गेलं. घरचे घाबरले. पेशी सावरल्या तरी पिवळेपणा मागे रेंगाळतो, हे त्यांना दोनदा समजावलं. आयएनआर १.१ वर आला म्हणून चौथ्या दिवशीच घरी सोडलं होतं. तीन आठवड्यांनी एसजीपीटी १८०, बिलिरुबिन २.१. दोन महिन्यांनी ३४ आणि ०.८. यकृताचा तुकडा काढून तपासायची गरज पडली नाही. जनुकचाचणीही केली नाही. खर्च मोठा आणि निघालं काहीही तरी उपचार तोच.

औषध आणि यकृतइजा यांचं नातं गुण देऊन ठरवायची एक पद्धत आहे, रुकाम. किती दिवसांनी झालं, बंद केल्यावर किती वेगानं उतरलं, दुसरी कारणं बाद झाली का, सोबत आणखी काय चालू होतं. काकूंचे गुण आले सात. म्हणजे "बहुधा हेच". "नक्की हेच" म्हणायला पुन्हा कॅप्सूल देऊन बघावं लागलं असतं, आणि तो प्रयोग कुणी शहाणा करत नाही.

स्टॅटिनचा प्रश्न राहिला होता. चौथ्या महिन्यात, सगळं नॉर्मल झाल्यावर, तेच अटोर्व्हास्टॅटिन त्याच मात्रेत पुन्हा सुरू केलं. महिन्यानं आणि तीन महिन्यांनी तपासलं, एसजीपीटी तिशीतच. स्टॅटिन एकटं निर्दोष, एवढं ठरलं. मिरीनं त्याची रक्तातली मात्रा वाढवून थोडा हात दिला असेल का? असेलही. एका रुग्णावरून एवढंच सांगता येतं.

काकूंची खरी लढाई पुढे होती. एप्रिलमध्ये गुडघे पुन्हा बोलायला लागले. त्या आल्या आणि मोबाइल पुढे केला: "हे बघा, यात मिरी नाही. मुलगा म्हणतो, हे घेऊन बघ." प्रश्न रास्त होता. गुण आला होता तो त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याला. मी नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं: अमेरिकेतल्या त्या रुग्णांच्या तपासलेल्या सात गोळ्यांपैकी चारांत मिरी सापडलीच नव्हती. मिरी नसलेली सुरक्षित, असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. एकदा यकृतानं ज्याला नको म्हटलंय ते पुन्हा त्याच्या दारात न्यायचं नाही. त्यांना ते पटलं असं नाही, पण ऐकलं. आता रोज मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, गुडघ्याला लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल आहे, आणि चार किलो वजन कमी झालंय. देवळाच्या पायऱ्या त्या कठड्याला धरून चढतात.

"मग वरणातल्या हळदीचं काय?" हे काकांनी विचारलं. फोडणीत पूर्वीसारखी घाला म्हटलं. काका सुनेकडे बघून म्हणाले, "ऐकलंस?"

केसपेपरवर मी आता "औषधं" या रकान्याखाली हातानं आणखी एक ओळ लिहितो: पावडर, काढा, कॅप्सूल, मुलांनी पाठवलेलं काही. तरीही अर्धे लोक नाहीच म्हणतात. मग डबी दाखवा म्हणतो.

बाटली माझ्या खणात आहे, त्या उरलेल्या २२ कॅप्सूलसकट. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला, फोन १८०० १८० ३०२४. डॉक्टरच नाही, रुग्णही तिथे कळवू शकतो. मी फॉर्म भरायला घेतला. बॅच क्रमांक लिहिला, मात्रा लिहिली, तारखा लिहिल्या. "संशयित औषध" या रकान्याशी आल्यावर नाव नीट उतरवावं म्हणून बाटली फिरवली. नावाखालीच, कायद्यानं छापावीच लागते अशी ओळ होती: औषधी वापरासाठी नाही.